चिंचिला पहिल्यांदाच पाळताना: नाशिककरांचे अनुभव

इंदिरानगर

दिवाळीनंतर आमच्या घरी चिंचिला, म्हणजे दाट मऊ लव असलेला कुरतडणारा छोटा प्राणी, आणण्याचा विचार आहे. आठवीतली धाकटी मुलगी गेले वर्षभर त्यासाठी मागे लागली आहे. ससे आम्ही पूर्वी पाळले आहेत. परंतु हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या थंड, कोरड्या उतारांवरचा आणि त्याचे आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचे, कधी त्याहूनही अधिक. म्हणजे मुलगी शिकून नोकरीला लागली, तरी त्याची जबाबदारी घरावर राहणारच. ज्यांनी तो प्रत्यक्ष सांभाळला आहे, त्यांनी पहिल्या वर्षी काय चुकले आणि काय साधले हे कृपया सविस्तर लिहावे. उन्हाळा, खाणे आणि आंघोळ या तीन गोष्टींची मला विशेष काळजी वाटते.

गंगापूर रोड

आपण उन्हाळ्याचे नाव पहिले घेतलेत, ते योग्यच केलेत. चिंचिलाच्या कातडीवरील एकेका छिद्रातून पन्नासहून अधिक केस उगवतात आणि त्याला घाम येत नाही. त्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने आपल्याला बरे वाटते, तसे त्याला वाटत नाही. त्याला १५ ते २१ अंश सेल्सिअस तापमान मानवते; पारा २५च्या पुढे गेला की उष्माघाताचा धोका सुरू होतो. नाशिकची हवा थंड, या जुन्या समजुतीवर मी विसंबले आणि पहिल्याच मार्चमध्ये हॉलमध्ये डेझर्ट कूलर लावला. कूलर हवेत ओल सोडतो आणि दमट उष्मा तर या प्राण्याला कोरड्या उष्म्याहून वाईट. एके दुपारी साडेतीनला पाहते तो हा पिंजऱ्याच्या तळाशी कुशीवर पडलेला, कान लालबुंद, कानांतल्या शिरा फुगलेल्या आणि हनुवटीखालची लव लाळेने चिकटलेली. घाबरून मी बर्फाचे पाणी आणायला धावले; पण डॉक्टरांनी फोनवरच थांबवले. एकदम गार पाण्यात घातल्यास शरीराला धक्का बसतो, म्हणून त्याला गार फरशीवर ठेवून, कानांना साध्या पाण्याचे बोट लावत लगेच घेऊन या, असे त्यांनी सांगितले. तो वाचला.

तेव्हापासून मागची लहान खोली त्याची आहे. तिथे एसी २१ अंशांवर असतो आणि थर्मामीटर भिंतीवर नव्हे, तर पिंजऱ्याच्याच उंचीवर टांगलेला आहे. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असते तेव्हा आमच्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही; म्हणून फ्रीझरमध्ये चार बाटल्या कायम गोठवलेल्या असतात. त्या टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवते. स्वयंपाकाच्या ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा आत ठेवला आहे, त्यावर तो पोट टेकवून पसरतो. एसीची सोय होणार नसेल, तर प्राणी आणू नये, असे मी अगदी स्पष्ट सांगेन.

देवळाली कॅम्प

आंघोळीबद्दल लिहितो. पाणी अजिबात नको. दाट लव आतून वाळत नाही आणि ओल राहिली की बुरशी धरते. याला लागते ती ज्वालामुखीच्या राखेची किंवा प्युमिस दगडाची अतिशय बारीक भुकटी. ती महाग वाटली म्हणून सुरुवातीला मी गोदावरीची वाळू चाळून, उन्हात तापवून वापरली. महिन्याभरात पाठीवरचे केस तुटून खरबरीत दिसू लागले. अंगाला लावायची पावडरही चालत नाही, कारण ती श्वासावाटे फुप्फुसांत जाते.

आता आठवड्यातून दोन-तीनदा, रात्री नऊच्या सुमारास, मोठ्या आडव्या बरणीत दोन बोटे भुकटी घालून ठेवतो. तो आधी मिशा पुढे करून हुंगतो, पुढच्या पंजांनी जरासे उकरतो, मग एकदम कलंडतो आणि इतक्या वेगाने गरगरतो की क्षणभर बरणीत फक्त करडा धूर दिसतो. थांबला की कानापासून शेपटीपर्यंत अंग झटकतो. दहा-पंधरा मिनिटांनी बरणी काढून घ्यावी, कारण दिवसभर आत राहिली तर त्वचा कोरडी पडते आणि डोळे चुरचुरतात. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनाही ओल येते, तेव्हा एसी ‘ड्राय’वर ठेवून खोलीतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणतो.

पंचवटी

आमचा दुधाचा व्यवसाय असल्याने घरी लसूणघास रोज येतो. गाई आवडीने खातात ते यालाही चालेल, असे धरून मी ओल्या लसूणघासाच्या दोन-तीन काड्या रोज देत असे. आठवड्यातच पोट फुगले आणि लेंड्या मऊ झाल्या. चिंचिलाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात धरलेला वायू त्याच्या जिवावर बेतू शकतो. शिवाय लसूणघासात कॅल्शियम जास्त असते. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला वाळवून थोडा दिला जातो, प्रौढाला रोज देऊ नये. मुख्य अन्न म्हणजे टिमोथी गवताचा सुका चारा, तो अष्टौप्रहर समोर हवा. त्याच्या जोडीला दिवसाला एक ते दोन चमचे साध्या पेलेट्स (दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या), बस. दाणे, मका आणि रंगीत तुकडे मिसळलेले पाकीट घेऊ नये, कारण तो गोड तेवढे वेचून खातो आणि गवत सोडतो.

दिंडोरी रोड

आमच्या द्राक्षबागेमुळे घरात बेदाण्याची बरणी कायम भरलेली. चिंचिला बेदाण्यासाठी अक्षरशः हातावर चढतो, म्हणून पाहुणे हौसेने देत राहतात. साखर त्याच्या आतड्याला झेपत नाही. आम्ही आता बरणीच त्या खोलीतून हलवली आहे. कुरतडायला वेलीचे लाकूड चालते, पण फवारणी झालेल्या बागेतील मुळीच नको. आम्ही सफरचंदाच्या झाडाच्या, औषध न मारलेल्या, वाळलेल्या काड्या मागवतो.

कॉलेज रोड

धरताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली असावा. घाबरून घट्ट पकडले तर केसांचा झुबका हातात राहतो आणि तो निसटतो. केस पुन्हा येतात, विश्वास मात्र हळूहळू परततो. दिवसा तो झोपतो, मुलांना हे आधी समजावावे.

नाशिक रोड

याचे दात जन्मभर वाढत असतात. पुढचे दात पिवळट-नारिंगी असणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. आमच्या शेजारच्या काकू ते पाहून ‘दात किडलेत’ म्हणाल्या होत्या. खरा त्रास मागच्या दाढांत होतो आणि तो बाहेरून दिसत नाही, कारण भक्ष्य ठरणारा प्राणी दुखणे शेवटपर्यंत लपवतो. म्हणून दर रविवारी सकाळी मी त्याला पोळ्यांच्या डब्यात बसवून स्वयंपाकघरातील काट्यावर तोलते आणि आकडा कॅलेंडरवर लिहिते. एका महिन्यात ५४० ग्रॅमचे ४९५ झाले, तेव्हा तो धावत होता, खातही होता. तपासणीत दाढेला टोक आलेले आढळले. ते घासून घेतल्यावर वजन परत आले. लेंड्यांकडेही रोज पाहावे: संख्येने भरपूर, कोरड्या, टपोऱ्या असाव्यात. त्या बारीक किंवा मोजक्या झाल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

घरात उरलेले अँटिबायोटिक सिरप कधीही पाजू नये. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातील औषधे पोटात गेल्यास आतड्यातले उपयोगी जंतू मरून प्राणी दगावू शकतो. ससे, गिनीपिग यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर कोण आहेत, याची चौकशी प्राणी आणण्याआधीच करून ठेवावी.

सिडको

मला दोन माद्या म्हणून दिलेल्या जोडीत एक नर निघाला. गर्भकाळ सुमारे १११ दिवसांचा असतो. पिल्ले डोळे उघडे आणि अंगभर केस घेऊनच जन्मतात. जोडी घ्यायची असेल, तर लिंग डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. रानटी चिंचिला साइट्स या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या परिशिष्टात आहे आणि पाळीव प्रकार त्यातून वगळलेला आहे. तरीही खरेदीची कागदपत्रे जपावीत आणि नोंदणीबाबत वन विभागात विचारून घ्यावे.

इंदिरानगर

सर्वांचे मनापासून आभार. पिंजऱ्याची मागणी तूर्त थांबवून मी आधी थर्मामीटर आणला आणि ज्या खोलीत त्याला ठेवणार होतो तिथे टांगला. मुलगी दिवसातून तीनदा नोंद करते. काल दुपारी दोन वाजता, खिडक्या बंद असताना, ३० अंश होते. त्या खोलीत एसी बसेपर्यंत चिंचिला आणणार नाही, हे तिला सांगितले आहे. तिने ते मान्य केले आणि आजची नोंद करायला गेली.