मदत हवी आहे: बायबल वाचनाच्या ग्रुपमध्ये वचनांचे आकडे जुळत नाहीत

जुवारीकाठ: फोंड्यात आम्ही आठ-नऊ जण दर गुरुवारी बायबल वाचायला बसतो. मधल्या दिवसांतली चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. दोघांकडे मराठी पवित्र शास्त्र, वडीलधाऱ्यांकडे रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, पोरांच्या मोबाइलवर इंग्रजी. राखेच्या बुधवारासाठी (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) ‘स्तोत्र ५१:३’, म्हणजे ५१ व्या स्तोत्राचं तिसरं वचन, टाकलं, तर प्रत्येकाला वेगळंच वचन दिसलं. एक जण तर म्हणे हे स्तोत्र ५० आहे! अ‍ॅपचा दोष की आमचा? मराठीत शब्द शोधला तर तोही सापडत नाही. पुढच्या गुरुवारी दानीएलच्या पुस्तकाचा अध्याय ३ आहे.

पिंपळकट्टा: दोष कोणाचाच नाही, मोजणी वेगळी आहे. स्तोत्र ५१ च्या डोक्यावर शीर्षक आहे: दाविदाचं स्तोत्र, नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला तेव्हाचं. हिब्रू मोजणीत त्या शीर्षकाचीच दोन वचनं होतात. त्यामुळे ती मोजणी पाळणाऱ्या आवृत्तीत ‘माझ्यावर कृपा कर’ तिसरं, शीर्षक न मोजणाऱ्या आवृत्तीत पहिलं. ५० म्हणणाराही बरोबरच. जुन्या ग्रीक-लॅटिन परंपरेत ९ आणि १० मिळून एकच स्तोत्र, म्हणून तिथून पुढे बहुतेक आकडे एकाने मागे राहतात. १४८ पासून सगळे पुन्हा एका रांगेत.

नुसता आकडा पाठवूच नका. ‘स्तोत्र ५१, शीर्षकानंतरचं पहिलं, हे देवा माझ्यावर कृपा कर’ असे सुरुवातीचे चार शब्द जोडा. पुस्तकाचं नावही पूर्ण लिहा. ‘यो.’ म्हणजे योहान, योएल की योना? कोंकणीवाल्यांसाठी ‘योहान / जुवांव’ असं जोडीने लिहिलंत तर उत्तम.

आंबेडाळ: दानीएल ३ मध्ये याहून मोठी गंमत आहे. कॅथलिक बायबलमध्ये (७३ पुस्तकं) राजाने पेटत्या भट्टीत टाकलेल्या तिघांची प्रार्थना आणि गीत २४ ते ९० मध्ये येतं. ६६ पुस्तकांच्या (प्रोटेस्टंट) आवृत्तीत तो भाग नाहीच. त्यामुळे राजा चकित होऊन उठतो ते वचन एकीकडे २४, दुसरीकडे ९१. वाचन २३ वर थांबवा, गीत ज्याच्याकडे आहे त्याने मोठ्याने वाचावं, मग राजापासून सगळ्यांनी पुढे. तोबीत, शलमोनाचं ज्ञान, मक्काबी वगैरे ६६ मध्ये नसलेली पुस्तकं घेणार असाल तर आधी कोणाच्या अ‍ॅपमध्ये काय आहे ते बघा, नाहीतर अर्धे जण अनुक्रमणिकाच चाळत बसतील.

शोधाचं म्हणाल तर अडचण मराठीचीच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या मजकुरात ‘प्रीति’, नंतर ‘प्रीती’, आणि वाक्यात ‘प्रीतीने’. ‘प्रीत’ एवढंच टाका, तिन्ही सापडतील. ‘करुणा’चं ‘करुणे’ होतं, तेव्हा ‘करुण’ टाका. अ‍ॅपमध्ये ‘पूर्ण शब्द’ असा पर्याय असेल तर तो बंद ठेवा.

चारखांब: व्हॉट्सअ‍ॅपवर पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो. कोणती मोजणी धरायची ते ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहा. वचनाचा स्क्रीनशॉट नको, वरखालचं कापलं जातं आणि त्यात शोधताही येत नाही. अख्खा परिच्छेद एका मेसेजमध्ये टाका आणि उत्तरं त्यालाच रिप्लाय करून द्यायला सांगा, म्हणजे मध्ये ‘शुभ सकाळ’ची फुलं आली तरी धागा सुटत नाही. पावसात नेट जातं, तेव्हा आवृत्ती आधीच डाउनलोड करा. मात्र काही आवृत्त्यांना ती परवानगी नसते. एकदा फ्लाइट मोड लावून उघडून बघा.

जुवारीकाठ: बराच उलगडा झाला, आभार! आणखी एक. प्रार्थनेची जुनी मराठी पीडीएफ आहे, तिच्यातून कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो.

आंबेडाळ: ती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असणार. आत इंग्रजी अक्षरांचे कोड, वरून देवनागरीचं सोंग. पानाचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सने मजकूर उचला. जोडाक्षरं, रफार आणि आकडे डोळ्यांनी तपासा. ५ आणि ६ ची अदलाबदल बऱ्याचदा होते, आणि तुमचं भांडण मुळात आकड्यांवरूनच आहे :)