प्लास्टरच्या आधी वायरिंग कोण चेक करतं?

लातूरचं_बांधकाम: भावांनो, घर बांधायलोय, भिंतीत पाईप टाकून झालेत, मिस्त्री लगेच प्लास्टर धरतो म्हणतोय. वायरमन म्हणतो टेस्ट रिपोर्टचं टेन्शन घेऊ नका, सही आणून देतो. न बघताच सही? कुणी येऊन बघतं का नाही?

परभणी_वायरमन: महावितरणचं कनेक्शन घेताना लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो, पण त्या कागदात भिंतीच्या आत काय गाडलंय ते दिसत नाही ना राव. म्हणून आत्ताच प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा, लायटीला १.५, पॉवर सॉकेटला २.५, एसी-गिझरला ४ स्क्वेअर एमएमची वायर ठरवा, अन हिरवी अर्थिंगची वायर प्रत्येक बॉक्सात पाहिजेच. वायर ओढून झाली की समोर उभं राहून मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या.

बीडकर७: अर्थिंगचं विसरू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळती, वाळली की रेझिस्टन्स वाढतो, पावसाळ्यात मोजून काय उपयोग? मे महिन्यात मोजा, खड्ड्यात पाणी ओतायला पाईप ठेवा. आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) बसवाच, एमसीबी ओव्हरलोड-शॉर्टसाठी असती, माणसाला शॉक लागला तर ती पडंलच असं नाही.

लातूरचं_बांधकाम: वायरमन म्हणतो इन्व्हर्टर असला की आरसीसीबी सारखी पडती, म्हणून नको.

परभणी_वायरमन: इन्व्हर्टरचा अन मेन लाईनचा न्यूट्रल (करंट परत जायची वायर) एकत्र केला की पडणारच! इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल वेगळा ओढायला लावा, आत्ताच, पाईप उघडे हायेत तवर.