ट्रॅक डेसाठी पोर्श ७१८ केमन : तयारीचा खर्च आधी कशावर करावा?

पामबीच_प्रवासी, नेरुळ

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे पोर्शची ७१८ केमन आहे : दोन लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन, ३०० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), सात गिअरांचा पीडीके (पोर्शचा दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). गाडी वापरलेली घेतली असली तरी तिची सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली आहे. आजवर ती रस्त्यावरच चालली. म्हणजे रविवारी भल्या पहाटे पाम बीच रोडवर एक चक्कर, अधूनमधून लोणावळा, आणि एरवी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली मुक्काम.

येत्या डिसेंबरात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर आमच्या ओळखीच्या काही गाडीमालकांनी मिळून ट्रॅक डे ठरवला आहे आणि मीही नाव दिले आहे. ही शर्यत नाही; वेळ नोंदवली जाणार नाही, लहान गटांत वीस-वीस मिनिटे गाडी चालवायची, इतकेच. मात्र तयारीबाबत ज्याला विचारावे तो वेगळेच सांगतो. एकाच्या मते ईसीयू रीमॅप (इंजिनच्या संगणकातील आज्ञावली बदलून शक्ती वाढवणे) केल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही, दुसरा सेमी-स्लिक (कोरड्या ट्रॅकसाठीचे, कमी नक्षीचे) टायर घ्यायला लावतो, तिसऱ्याने सस्पेन्शन खाली करण्याचा आग्रह धरला आहे. प्रवास वगळून माझी अडीच लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे. ही रक्कम कोणत्या क्रमाने खर्च करावी, गाडी चालवत न्यावी की फ्लॅटबेडवर, आणि कागदपत्रांच्या दृष्टीने काही पाहावे लागते का, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे.

येऊर_पायथा, ठाणे

शक्ती वाढवण्याचा विचार तूर्त पूर्णपणे बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ३०० पीएस पहिल्या ट्रॅक डेला कमी पडत नाहीत. कमी पडते ती ब्रेकची उष्णता सोसण्याची ताकद. हिशोब करून पाहा. चालकासह गाडीचे वजन १,५०० किलो धरले आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर यायचे असेल, तर सुमारे १९ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकना उष्णतेच्या रूपाने पोटात घ्यावी लागते. पाऊण लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करायला साधारण तेवढीच उष्णता लागते. हीच गाडी पाम बीचच्या सिग्नलला ८० वरून पूर्ण थांबवली, तर आकडा चार लाखांच्या आत राहतो आणि पुढचा सिग्नल येईपर्यंत डिस्क निवलेली असते. ट्रॅकवर पुढचे वळण काही सेकंदांत समोर येते आणि हे चक्र सलग वीस मिनिटे चालते.

म्हणून पहिला खर्च ब्रेक ऑइलवर करावा. तो सगळ्यांत स्वस्तही आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, आणि खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत चार महिने पाऊस पाहिलेल्या गाडीत तो काही कमी नसतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. तेच ऑइल ओलावा धरून बसले की मानकाप्रमाणे ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल पायाखालून सरळ तळाला जाते. ट्रॅकसाठी मिळणाऱ्या डॉट ४ ऑइलचा ताजा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो. ते घालून चारही चाकांच्या ब्रेकमधील एअर नीट काढून घ्यावी. नावातील साधर्म्यामुळे कोणी सिलिकॉनचे डॉट ५ सुचवले, तर ते मात्र अजिबात घालू नये; ते या प्रणालीसाठी नाही आणि डॉट ४ मध्ये मिसळतही नाही.

दुसरा खर्च पुढच्या आणि मागच्या ब्रेक पॅडवर. पॅड मर्यादेबाहेर तापले की पेडल घट्टच राहते, पण गाडी थांबत नाही. ऑइल उकळणे आणि पॅड फेड होणे हे दोन वेगळे बिघाड आहेत आणि ते पायाला ओळखता आले पाहिजेत, कारण पिटमध्ये परत आल्यावर करायचा उपाय त्यावर ठरतो. माझ्या मते ट्रॅकचे पॅड घ्यावेत. उरलेल्या रकमेतून सोबत बसून शिकवणारा प्रशिक्षक मिळत असेल तर तो घ्यावा. रीमॅपपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होईल.

पाना_पक्कड, रबाळे एमआयडीसी

येऊर यांनी ऑइलबद्दल लिहिलेले सर्व मान्य आहे. पॅडबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. पूर्ण ट्रॅकचे पॅड थंड असताना धड पकडत नाहीत, प्रत्येक सिग्नलला किंचाळतात आणि त्यांची काळी भुकटी चाकांवर चिकटून बसते. घोडबंदर रोडच्या रांगेत अशी गाडी घेऊन उभे राहिल्यावर शेजारचा रिक्षावालासुद्धा काच खाली करायला सांगून ब्रेक दाखवून घ्यायचा सल्ला देतो. या गाडीचे कंपनीचे ब्रेक मुळात दमदार आहेत. पहिल्या खेपेला पॅडची जाडी निम्म्याहून जास्त असेल आणि ऑइल नवे असेल, तर मूळ पॅड पुरतील. जुने पॅड पातळ झाले असतील तर ते बदलावेतच, कारण पातळ पॅडमधून उष्णता लवकर कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत आणि तेथून ऑइलपर्यंत पोहोचते.

ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही ते सांगतो. केमनचे इंजिन मागे असले तरी कूलंटचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, हवा आत घेणाऱ्या जाळ्यांच्या मागे आहेत. नवी मुंबईत झाडाखाली उभी राहणारी अशी गाडी आमच्याकडे आली आणि बंपर उतरवला, की आत पर्जन्यवृक्षाची बारीक पाने, गुलमोहराच्या पाकळ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा आणि खाली मातीचा ओला थर असा ऐवज निघतो. वरून जाळी स्वच्छ दिसते. कचरा असतो तो एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत. रस्त्यावर तापमानाचा काटा हलत नाही, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएमला चालवताना मात्र तेवढीच अडलेली हवा महागात पडते. बंपर काढून, मऊ ब्रशने आणि हलक्या हाताने पाणी मारून हे साफ करून घ्यावे. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पातळ पंख वाकतात, म्हणून तो मोह टाळावा.

टायरचे म्हणाल, तर सेमी-स्लिक नको. डिसेंबर म्हणजे कोरडा हिवाळा ही आपली सवय. चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर हाच ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो आणि ओल्या ट्रॅकवर तसले टायर नवख्या माणसाला दगा देतात. सध्याच्या टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहावेत : पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी भरपूर असूनही टायर पाच-सहा वर्षांचे असतील, तर रबर कडक झालेले असते. सत्रातून आत आल्या आल्या, टायर गरम असतानाच हवा मोजावी. थंड स्थितीपेक्षा ती सहा ते आठ पीएसआयने सहज वाढते, तेव्हा थोडी काढावी लागते. टायरच्या कडेवर खडूने आडव्या रेघा मारून ठेवल्या, तर रेघ कुठपर्यंत पुसली गेली यावरून टायर बाजूवर कितपत लोळतो आहे ते कळते. परतीला निघण्यापूर्वी हवा पुन्हा रस्त्याच्या मापाला आणायला विसरू नये.

ओळख_पटवा, वाशी

कागदपत्रांचा प्रश्न बाजूला पडू नये म्हणून लिहितो. खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात, आणि त्यांत आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, पेस-मेकिंग व विश्वासार्हता चाचणी यांसाठी केलेला वापर वगळलेला असतो. ट्रॅक डे ही शर्यत नाही हा युक्तिवाद तुम्ही करू शकता. दावा नाकारल्यावर तो विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला पटवण्याची जबाबदारी मात्र तुमच्यावर येईल. त्यामुळे ट्रॅकवर झालेले नुकसान स्वतःच्या खिशातून भरायचे आहे, असे धरूनच जावे. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिच्याही अटी वाचाव्यात, आणि आयोजक जे हमीपत्र सही करायला देतील ते सही करण्यापूर्वी वाचावे, नंतर नव्हे.

गाडीतील बदलांबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात ठेवावे. आरसीवरील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पॅड, ब्रेक ऑइल आणि त्याच मापाचे टायर ही देखभाल झाली. ती यात येत नाही. नवे पॅड बसवून त्यांची परीक्षा पाम बीचवर किंवा अटल सेतूवर घ्यावी असे मनात आले, तर सार्वजनिक रस्त्यावरील शर्यत व वेगाच्या चाचणीसाठी कलम १८९ आहे, तेही वाचून ठेवावे.

येऊर_पायथा, ठाणे

पाना_पक्कड यांच्या पॅडविषयीच्या मुद्द्याला उत्तर देणे भाग आहे. कंपनीचे ब्रेक दमदार आहेत हे खरे, पण ते कसलेल्या चालकाच्या पायाखाली. नवखा चालक लवकर ब्रेक मारतो, हलका मारतो आणि वळणात शिरेपर्यंत पाय तसाच ठेवतो. त्यामुळे एकाच वळणासाठी ब्रेक जास्त वेळ तापत राहतात. कसलेला माणूस उशिरा, जोरात आणि थोडाच वेळ दाबून सोडतो. सुरुवातीची काही सत्रे ब्रेकवर सगळ्यांत जड जातात ती यामुळे. तरीही कर्कश आवाजाची तक्रार रास्त आहे. तेव्हा रस्ता आणि ट्रॅक दोन्हींना चालणारे मधल्या प्रतीचे पॅड घ्यावेत, यावर आपले एकमत व्हायला हरकत नसावी.

पामबीच_प्रवासी, नेरुळ

सर्वांचे आभार. रीमॅप, सस्पेन्शन आणि सेमी-स्लिक या तिन्ही गोष्टी यादीतून काढल्या आहेत. ऑइल, मधल्या प्रतीचे पॅड, रेडिएटरची सफाई आणि प्रशिक्षक, असा क्रम धरतो. टायरचे आकडे आज संध्याकाळी पाहिले. पुढचे ठीक आहेत, मागचे बदलावे लागतील. आता दोनच शंका उरल्या आहेत. मुलाचे मोटरसायकलचे उत्तम प्रतीचे हेल्मेट घरात आहे, ते चालेल का? आणि प्रवासाचे काय करावे?

पाना_पक्कड, रबाळे एमआयडीसी

हेल्मेट आयोजकांच्या नियमावर अवलंबून आहे, पण घेतलेच तर मोटारशर्यतीच्या प्रमाणनाचे घ्यावे. हेल्मेट प्रमाणित करणाऱ्या स्नेल संस्थेच्या एसए वर्गातील हेल्मेटची आग सोसण्याची चाचणी झालेली असते. मोटरसायकलच्या एम वर्गात ती नसते. चार किंवा पाच पॉइंटचा हार्नेस (शर्यतीच्या गाडीतील सीटबेल्ट) नुसत्या मूळ सीटवर लावू नये; मूळ तीन पॉइंटचा पट्टा आणि एअरबॅग एकमेकांच्या हिशोबाने बनवलेले आहेत. स्थिरता नियंत्रण चालू ठेवावे, कोणी कितीही चिडवले तरी. गाडीतील सुटी वस्तू एकूण एक बाहेर काढावी : पाण्याची बाटली, छत्री, परफ्यूमची कुपी, सीटखाली गेलेली टोलची चिल्लर. डॅशबोर्डवरचा गणपती टेपने चिकटवलेला असेल तर तोही तेवढ्यापुरता पिशवीत ठेवावा. बाप्पा समजून घेतील, पण मूर्ती डोक्यावर आदळली तर डॉक्टर समजून घेणार नाहीत.

प्रवासाचे उत्तर परतीवरून ठरवावे. कळंबोलीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बंगळुरू करत इरुंगट्टुकोट्टईपर्यंत जातो. अंतर साधारण १,३०० किलोमीटर. जाताना गाडी चालवत नेण्यात आनंद आहे. परतताना पॅड आणि टायर किती उरले असतील ते आज सांगता येत नाही, या गाडीत स्टेपनी नसते आणि टायरच्या बाजूला काप गेला तर सोबतच्या सीलंटचा काही उपयोग होत नाही. म्हणून फ्लॅटबेडवाल्याशी परतीचे आधीच बोलून ठेवावे. गाडी ठणठणीत राहिली तर ते रद्द करता येते, पण रविवारी रात्री श्रीपेरंबुदूरला उभे राहून शोधायला लागलात तर तो सांगेल तो भाव.

गाडी माझ्याकडे किंवा जिथे विश्वास असेल तिथे किमान दोन आठवडे आधी द्यावी, निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे. ऑइल बदलल्यावर काही दिवस चालवून पेडल पुन्हा तपासता येते आणि कुठे गळती असेल तर ती इथेच दिसते. नवे पॅड डिस्कशी पूर्णपणे जुळवून घेण्याचे काम (बेडिंग) ट्रॅकवरच्या पहिल्या सत्रात करावे : हळूहळू वेग वाढवत ब्रेक मारायचे, मग एक अख्खी लॅप ब्रेकला जवळजवळ हात न लावता गाडी निववायची. प्रत्येक सत्राच्या शेवटी हीच निववण्याची लॅप घ्यावी. पिटमध्ये उभे राहिल्यावर ब्रेक पेडल दाबून धरू नये, नाहीतर तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरते. पीडीके पीवर टाकून चाकाला लाकडी ठोकळा लावावा. टॉर्क रेंच सोबत असू द्यावा. चाके थंड झाल्यावर सर्व बोल्ट म्यान्युअलमधल्या मापाला तपासावेत, आणि परतीला निघण्यापूर्वी एकदा पुन्हा.