मदत हवी आहे: ड्यूररचं घोड्यांचं चित्र अस्सल आहे का? (घाई आहे)

त्रस्त_न्यूरेंबर्गकर: इथल्या जुन्या बाजारात ड्यूररचं (आमच्या न्यूरेंबर्गचा जुना जर्मन चित्रकार) घोड्यांचं चित्र घेतलं, फ्रेमसकट १८० युरो. खाली 'ए'च्या पायांत 'डी' अशी सही आहे. परत करायचं तर शनिवारपर्यंतच. अस्सल आहे का? जाणकारांनी लवकर सांगा.

चहाटळ: घोड्यांचं म्हणजे कुठलं? १५१३चं सरदार, मृत्यू आणि सैतान? त्यातही घोडे आहेत. फोटो डकवा.

त्रस्त_न्यूरेंबर्गकर: अहो, चार घोडे! बायबलमधले. फोटो चढत नाहीये.

शाईघर: मग हे १४९८च्या 'प्रकटीकरण' मालिकेतलं, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकावरचं, अध्याय ६. पंधरा लाकूडठशांतला सगळ्यात गाजलेला. धनुष्य, तलवार, तराजू आणि खाली मरतुकड्या घोड्यावर म्हातारा मृत्यू. माप किती? मूळ साधारण ३९ बाय २८ सेंमी. पाठीमागे काय आहे? पुस्तकातलं पान असेल तर मागे लॅटिन किंवा जर्मन मजकूर छापलेला हवा.

ब्रश_आणि_बोळा: एवढं कशाला? कडेने प्लेटचा दाब उमटलाय का बघा. असेल तर अस्सल.

शाईघर: तो तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेल्या छापाला! लाकडात रेघ उठून राहते, बाकीचं कोरून काढतात. इथे तसा खड्डा दिसला तर उलट संशय घ्या.

ब्रश_आणि_बोळा: मी स्वतः ठसे काढलेत, वाचून बोलत नाही.

शाईघर: लिनोचे (लिनोलियम कोरून) ना? त्याला तरी दाब दिसला होता का?

पेठेतली_काकू: मृत्यूचं चित्र हॉलमध्ये नको हो. आमच्या जाऊबाईंनी लढाईचं लावलं, रोज भांडणं.

चहाटळ: सहीवर जाऊ नका. त्याच काळातल्या मार्कान्तोनिओ राइमोंदी या इटालियन कोरक्याने ड्यूररच्या मेरीच्या मालिकेची तांब्यावर नक्कल केली, तीही सहीसकट!

त्रस्त_न्यूरेंबर्गकर: धागा भरकटवू नका प्लीज. उंची ३८ भरली. मागे खाकी कागद चिकटवलाय. फाडला तर विकणारा चित्र परत घेईल का?

फुकट_सल्ला: लॅमिनेट करून टाका, कसर लागत नाही.

शाईघर: देवा! लॅमिनेट नको, फाडूही नका. भिंग लावा. रेघ सलग काळी हवी, ठिपक्यांची जाळी दिसली तर ऑफसेट, म्हणजे आजकालची यंत्रावरची छपाई.

त्रस्त_न्यूरेंबर्गकर: भिंग नव्हतं, मोबाईल काचेला टेकवून झूम केलं. तराजूवाल्याच्या बाहीत ठिपकेच ठिपके. निघालो परत द्यायला.

पेठेतली_काकू: नाहीच घेतलं त्याने, तर दक्षिणेच्या भिंतीला लावा. तिथे चालतं म्हणतात.