इंग्लंडचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल आणि राजकोट: विल्यम केन्यन-स्लेनीच्या कारकिर्दीबद्दल शंका

जुना_मैदानी यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. जुन्या फुटबॉलपटूंवर छोट्या चरित्रनोंदींची मालिका लिहायला घेतली आहे. पहिली नोंद विल्यम स्लेनी केन्यन-स्लेनीची. जन्म 24 ऑगस्ट 1847, राजकोट. 8 मार्च 1873 ला लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय गोल त्याने केला, इथपर्यंत सगळीकडे एकवाक्यता आहे. पुढे गोंधळ आहे.

१. त्याला 'भारतात जन्मलेला' म्हणायचं की 'भारतीय वंशाचा'? दोन्ही लिहिलेलं सापडतं.
२. त्या सामन्यात त्याचे गोल एक की दोन?
३. वॉन्डरर्स, ओल्ड इटोनियन्स, हाउसहोल्ड ब्रिगेड... एकाच माणसाचे इतके क्लब कसे?
४. इतका चांगला खेळाडू, तर आंतरराष्ट्रीय सामना एकच का?
५. मुंबई इलाख्याच्या नोंदींत त्याच्या जन्माचा किंवा बाप्तिस्म्याचा दाखला शोधला, 'केन्यन-स्लेनी' नावाने काहीच मिळत नाही. कुठे बघावं?

---

दप्तरखाना:

पाचव्यापासून सुरू करतो, कारण ते सुटलं की पहिलंही सुटतं.

1847 मध्ये 'केन्यन-स्लेनी' हे आडनावच अस्तित्वात नव्हतं. वडील विल्यम केन्यन, मुंबई सैन्याच्या घोडदळात कॅप्टन. आई फ्रान्सिस कॅथरिन, श्रॉपशरच्या रॉबर्ट आग्लायनबी स्लेनी या खासदाराची मुलगी. हे सासरे 1862 मध्ये वारले, इस्टेट मुलीकडे आली आणि त्याबरोबर कुटुंबाने स्लेनी हे नाव जोडून घेतलं. म्हणून 1862 च्या आधीचं काहीही शोधायचं असेल तर फक्त 'केन्यन' टाका. नावाची स्पेलिंगं त्या काळी कारकुनाच्या मर्जीवर असत, त्यामुळे एखाददुसरं अक्षर इकडेतिकडे करूनही बघा.

दाखले लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या) दप्तरात आहेत. चर्चच्या नोंदींच्या 'एन' मालिकेत एन/1 बंगाल, एन/2 मद्रास आणि एन/3 मुंबई. राजकोटला काठेवाड एजन्सीचं ठाणं होतं आणि ती मुंबई इलाख्याखाली येई, त्यामुळे एन/3 च. या मालिकेच्या बऱ्याच भागाच्या प्रतिमा फाइंडमायपास्ट या वंशावळी शोधायच्या संकेतस्थळावर आहेत. नुसता शोध चालवू नका, वर्ष आणि वडिलांचं नाव टाकून यादी काढा आणि मग मूळ पान उघडून वाचा. तिथे नोंद असते ती बाप्तिस्म्याची. छावणीत पाद्री कायम नसे, त्यामुळे जन्म आणि बाप्तिस्मा यांत काही आठवडे, कधी काही महिने जात. बाप्तिस्म्याची तारीख जन्म म्हणून लिहिण्याची चूक वारंवार होते.

आता पहिला प्रश्न: 'भारतात जन्मलेला' इतकंच लिहा. कंपनीच्या सैन्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याचा मुलगा, शिकायला ईटनला, तिथून ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चला. वंशाचा इथे काही संबंध नाही.

---

तिसरा_बचावपटू:

गोलांचं सांगतो. इंग्लंड 4, स्कॉटलंड 2. आज जो हिशेब मान्य आहे त्यात केन्यन-स्लेनी दोन, बॉन्सर एक, चेनरी एक. स्कॉटलंडकडून रेनी-टेल्युअर आणि गिब. केन्यन-स्लेनीचा पहिला गोल सुरुवातीच्या मिनिटांतच, दुसरा 2-2 अशी बरोबरी झाल्यानंतर. नोंदीत 'दोन गोल' लिहा, मिनिटं मात्र लिहू नका. स्टॉपवॉच घेऊन बसणारा वार्ताहर तेव्हा नव्हता. वेगवेगळ्या वृत्तपत्रांतली मिनिटं जुळत नाहीत आणि आताच्या तक्त्यांतली मिनिटं त्यातूनच बेतलेली आहेत.

गोल कोणाचा यावर वाद का होतात ते समजायला त्या वेळचा खेळ डोळ्यांसमोर आणा. पाठीवर नंबर नाहीत. खेळाडू ओळखायचा तो टोपीच्या आणि मोज्यांच्या रंगावरून. गोलला जाळी नाही (ती 1891 ची), आडवी दांडी नाही, दोन खांबांत 8 फुटांवर फीत बांधलेली. खांबांमधलं अंतर मात्र आजचंच, 8 यार्ड. इंग्लंडचे सात-आठ जण आघाडीला, कारण डाव म्हणजे एकाने चेंडू पायाशी घेऊन सुसाट निघायचं आणि बाकीच्यांनी मागून झुंडीने जायचं, त्याचा निसटला की दुसऱ्याने उचलायचा. ऑफसाइडचा नियम तीन माणसांचा: चेंडू मारला त्या क्षणी पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तिघे हवेत. त्यामुळे लांब पास पुढे टाकून फायदा नसे. गोल व्हायचा तो बहुधा खांबांसमोरच्या झोंबाझोंबीतून, आणि शेवटचा पाय कोणाचा लागला हे बाजूरेषेवरून दिसणं कठीण.

आणखी एक फसवी गोष्ट. तेव्हा गोल झाला की बाजू बदलत. (फक्त मध्यंतराला बाजू बदलण्याचा नियम 1875 चा.) सहा गोल झालेल्या सामन्यात संघ किती वेळा इकडून तिकडे गेले असतील बघा. वृत्तान्तात 'पॅव्हेलियनच्या बाजूचा गोल' असं वाचून तो कोणाचा हे ठरवायला गेलात तर हमखास चुकाल.

'पहिला गोल' यातल्या 'अधिकृत' या शब्दालाही धक्का लावू नका. 1870 ते 1872 या काळात ओव्हलवरच इंग्लंड-स्कॉटलंड असे पाच सामने झाले होते, पण स्कॉटलंडचे खेळाडू लंडन परिसरातलेच असल्याने ते अधिकृत धरत नाहीत. 5 मार्च 1870 च्या त्यातल्या पहिल्या सामन्यात इंग्लंडचा गोल बेकरने केला होता. कोणीतरी हा दाखला घेऊन वाद घालायला येतोच. पहिला अधिकृत सामना 30 नोव्हेंबर 1872 चा, ग्लासगोजवळ, तो 0-0 सुटला. म्हणून दुसऱ्या सामन्यातला गोल पहिला ठरला.

---

कॉर्नर_किक:

वरच्या प्रतिसादात रेनी-टेल्युअरचं नाव ओझरतं आलं, पण तुमच्या नोंदीसाठी खरा मालमसाला तिथे आहे. हेन्री रेनी-टेल्युअर जन्मला मसुरीला, 1849 मध्ये. स्कॉटलंडचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल त्याचा. म्हणजे दोन्ही देशांचे पहिले गोल एकाच दुपारी, एकाच मैदानावर, हिंदुस्थानात जन्मलेल्या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी केले. रेनी-टेल्युअर ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनिअर्स दलाचा. आदल्या वर्षी याच ओव्हलवर स्कॉटलंडकडून रग्बीही खेळला होता. स्कॉटलंडकडे लंडनच्या प्रवासाचे पैसे फक्त आठ जणांपुरते होते, उरलेले तिघे दक्षिणेतच राहणारे घेतले: तो, लॉर्ड किनेअर्ड आणि इंजिनिअर्सचाच ब्लॅकबर्न. स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनही तेव्हा नव्हती, ती पाच दिवसांनी, 13 मार्चला स्थापन झाली.

त्याच सामन्यात इंग्लंडकडून खेळलेला आल्फ्रेड गुडविन, तोही इंजिनिअर्सचा, सुमारे वर्षभराने रुरकीला वारला. इंग्लंडच्या आंतरराष्ट्रीय खेळाडूंतला तो पहिला मृत्यू.

आता तुमचा तिसरा प्रश्न. क्लब म्हणजे नोकरी नव्हती. शाळा (ओल्ड इटोनियन्स), पलटण (हाउसहोल्ड ब्रिगेड), मित्रमंडळ (वॉन्डरर्स) असे तीन-चार क्लब एकाच वेळी चालत आणि मैत्रीपूर्ण सामन्यांना कोणीही कुठूनही खेळे. बंधन होतं ते फक्त एफए कपला (इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची बाद पद्धतीची स्पर्धा): एका मोसमात कपसाठी एकच क्लब. त्यामुळे त्याची कारकीर्द कपच्या क्रमाने लावा, चित्र लगेच स्वच्छ होतं.

1873, वॉन्डरर्स. गतविजेते म्हणून हा संघ थेट अंतिम सामन्यात आणि मैदान निवडायचा मानही त्यांचाच. निवडलं लिली ब्रिज, 29 मार्च, सकाळी 11 ला सुरुवात, कारण त्याच दिवशी ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोटींची शर्यत होती आणि लोकांना तिकडे जायचं होतं. ऑक्सफर्ड विद्यापीठावर 2-0, गोल किनेअर्ड आणि वॉलस्टन. शेवटी ऑक्सफर्डने बरोबरी साधायला गोलकीपरलाच पुढे आघाडीत पाठवलं आणि दुसरा गोल मोकळ्या खांबांत खाल्ला. केन्यन-स्लेनीचं विजेतेपद असं मोसमातल्या एकाच कप सामन्यावर आलं. इथे 'आपल्या जुन्या क्लबाविरुद्ध खेळला' असं लिहू नका. ऑक्सफर्ड विद्यापीठाचा फुटबॉल क्लब 1871 चा, हा त्याच्या चार वर्षं आधीच लष्करात गेला होता.

1875, ओल्ड इटोनियन्स, समोर रॉयल इंजिनिअर्स, म्हणजे पुन्हा रेनी-टेल्युअर. 13 मार्चला 1-1, तीन दिवसांनी फेरसामन्यात इंजिनिअर्स 2-0. केन्यन-स्लेनी पहिल्या सामन्यात आहे, फेरसामन्यात नाही. इटोनियन्सना चार खेळाडू बदलावे लागले होते. 1876, पुन्हा ओल्ड इटोनियन्स, यावेळी जुन्या वॉन्डरर्सविरुद्धच: 1-1, मग 0-3.

तीन अंतिम सामने, एक विजय. 'तीनदा कप जिंकला' असं दिसलं तर बेलाशक खोडा.

---

दप्तरखाना:

चौथ्याचं उत्तर राहिलंच. एकच सामना, कारण सामनेच नव्हते. 1879 मध्ये वेल्स येईपर्यंत इंग्लंडचा प्रतिस्पर्धी फक्त स्कॉटलंड आणि सामना वर्षाला एक. त्यातला एक आड एक ग्लासगोला. निवड म्हणजे ज्याला त्या शनिवारी सुट्टी आणि खिशात भाडं आहे तो. पहिल्या तिन्ही सामन्यांत खेळलेला इंग्लंडचा एकमेव माणूस चेनरी, यावरून अंदाज घ्या. केन्यन-स्लेनी 1867 पासून ग्रेनेडियर गार्ड्समध्ये होता. पलटणीची कामं आधी, फुटबॉल नंतर.

नोंदीत 'एक कॅप' लिहिणार असाल तर जपून. इंग्लंडने खरोखरची टोपी द्यायला 1886 मध्ये सुरुवात केली. 'एक आंतरराष्ट्रीय सामना' हे जास्त बरोबर. 'हौशी' या विशेषणाचंही तसंच: 1885 पर्यंत पैसे घेऊन खेळायला मान्यताच नव्हती, त्यामुळे 1873 ला मैदानावरचे बाविसाच्या बावीस कागदोपत्री हौशीच. हौशी विरुद्ध व्यावसायिक अशी मांडणी त्याच्यावर लादू नका, ती पुढच्या पिढीची.

---

जुना_मैदानी:

सगळ्यांचे आभार. 'केन्यन' टाकून यादी काढायला घेतो. फुटबॉलनंतरचं आयुष्य दोन ओळींत उरकलं तर चालेल ना?

---

तिसरा_बचावपटू:

दोन ओळी कमी पडतील. त्याच्या हयातीत लोक त्याला ओळखत ते खासदार म्हणून, गोलची कोणाला फारशी पडलेली नव्हती. 1882 ला इजिप्तची मोहीम, तेल-अल-कबीरच्या लढाईत होता, पुढे कर्नल. 1886 ते मरेपर्यंत श्रॉपशरमधल्या न्यूपोर्ट मतदारसंघाचा हुजूर पक्षाचा खासदार. 1887 मध्ये लग्न, अर्ल ऑफ ब्रॅडफर्डच्या मुलीशी. 1904 ला प्रिव्ही कौन्सिलवर. फुटबॉलच्या काळात एमसीसीकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेटही.

1902 च्या शिक्षण कायद्यात त्याच्या नावाचं कलमच आहे. चर्चच्या शाळांमधलं धर्मशिक्षण एकट्या पाद्रीच्या हाती न राहता संपूर्ण व्यवस्थापक मंडळाच्या ताब्यात असावं, ही त्याची दुरुस्ती. स्वतः चर्चचा आणि हुजूर पक्षाचा, त्यामुळे कट्टर चर्चवाले त्याच्यावर भयंकर चिडले. माझ्या मते नोंदीचा निम्मा भाग यालाच द्यायला हवा. भाषणं हॅन्सार्डमध्ये (ब्रिटिश संसदेतल्या चर्चांचं इतिवृत्त) सापडतील, लष्करातल्या नेमणुका आणि बढत्या लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात. तिथे मात्र शोधताना 'केन्यन-स्लेनी', 'स्लेनी' आणि जोडरेघ नसलेलं रूप, तिन्ही टाका.

निधन 24 एप्रिल 1908, हॅटन ग्रेंज, म्हणजे आजोबांकडून आलेल्या त्या इस्टेटीवरच. वय 60.