‘सनबेदर’: इतक्या सुरेल गिटारींवर ती किंकाळी हवीच का?

मंद्रसप्तक

गेले दोन आठवडे एकच अल्बम ऐकतेय आणि ज्याला ऐकवला त्याच्याशी वाद झालाय. म्हणून इथे धागा काढते.

डेफहेवन हा सॅन फ्रान्सिस्कोचा बँड. त्यांचा ‘सनबेदर’ (म्हणजे ऊन खात पडलेली व्यक्ती) जून २०१३ मध्ये आला. सात ट्रॅक, जवळपास तासाभराचा ऐवज. गिटारवर केरी मॅकॉय, ड्रम्सवर डॅनियल ट्रेसी आणि आवाज जॉर्ज क्लार्कचा. आवाज म्हणजे गाणं नव्हे. क्लार्क तोंड उघडतो तेव्हा किंचाळतोच, एक ओळसुद्धा गात नाही. आणि त्याच वेळी गिटारी इतक्या सुरेल वाजत असतात की गळा दाटून यावा.

पहिला ट्रॅक ‘ड्रीम हाऊस’ घ्या. सुरुवातीला गिटार, मग ड्रम्स अक्षरशः कोसळतात. गिटारचा हात प्रचंड वेगाने खालीवर चाललेला असतो, पण त्याखालचे कॉर्ड सावकाश बदलतात. कान त्या वेगाला सरावला की मग ती संथ चाल ऐकू येते. लांबून धबधबा बघताना पाणी स्थिर वाटतं ना, तसं. त्या चालीवर क्लार्कची किंकाळी येते, तीसुद्धा मिक्समध्ये जरा मागे ठेवलेली. भिंतीपलीकडे कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतंय आणि आपल्याला शब्द लागत नाहीत, असं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच: ही किंकाळी काढली तर अल्बम छान राहील, पण नुसताच छान. त्या सुरांना जे हवंय आणि मिळत नाहीये, ते त्या ओरडण्यात आहे. तुम्हाला काय वाटतं?

षड्ज

असहमत, आणि कारणासकट असहमत.

अल्बम तीनदा ऐकला. गिटारीबद्दल तुमचा शब्द न् शब्द मान्य. ‘इर्रेझिस्टिबल’ हा किंकाळी नसलेला छोटा ट्रॅक आहे, स्वच्छ गिटार आणि पियानोचा. तीनही वेळा मी तिथे थांबून तो पुन्हा लावला. बँडकडे चाल रचायची ताकद आहे हे तिथे उघड दिसतं. मग उरलेला वेळ त्या चालीवर खरवड का ओतायची?

माणसाच्या आवाजाकडे तीन गोष्टी असतात: सूर, चढउतार आणि शब्द. इथे सूर सोडलेला, शब्द पुसलेले, आणि चढउतार म्हणावा तर पहिल्या मिनिटाला जी पट्टी तीच पन्नासाव्या मिनिटाला. आवेग पहिल्यापासून टोकाला असेल तर तो वाढणार कुठे? दहा मिनिटांत माझ्या कानाने क्लार्कला ऐकणंच सोडून दिलं. पंख्याचा आवाज जसा ऐकू येईनासा होतो तसा. जो आवाज ऐकू येईनासा होतो त्याला आर्त कसं म्हणायचं?

नवखी

चार मिनिटं टिकले. डोकं दुखलं. गिटार आवडली हे मात्र खरं.

काळोखवेडा

माझा आक्षेप बरोबर उलटा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ही किंकाळी, तो गिटारचा वेग, ते ब्लास्ट बीट (ड्रम्सचा अखंड, अतिवेगवान मारा) हे सगळं ब्लॅक मेटलमधून, म्हणजे हेवी मेटलच्या एका काळोख्या, कर्कश शाखेतून आलंय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत या संगीताची जी दुसरी लाट उठली, तिथून. तिथल्याच डार्कथ्रोन या बँडचा १९९४ चा ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’ ऐका. रेकॉर्डिंग मुद्दाम खडबडीत, गिटारची एकच फ्रेज मिनिटंच्या मिनिटं चाललेली, आवाज घशातून ओरबाडून काढलेला. तिथे आवाज आणि वाद्य एकाच थंडीतून आलेत. किंकाळी का, असा प्रश्नच पडत नाही, कारण आजूबाजूला दुसरं काही उगवूच शकलं नसतं.

‘सनबेदर’ने तिथली हत्यारं उचलली आणि शूगेझच्या मऊ गादीवर आणून ठेवली. शूगेझ म्हणजे माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या १९९१ च्या ‘लव्हलेस’सारखं, गिटारींचे थरावर थर चढवून केलेलं धूसर, स्वप्नाळू संगीत. सुंदरच असतं, माझा त्याच्याशी वाद नाही. पण त्या धुक्यात ही किंकाळी उपरी वाटते. षड्जना किंकाळी नकोय, मला ती गोडी नकोय. दोन्ही एकत्र आल्यावर दोन्ही पातळ झालं.

बँडची हिंमत मी मानतो. गुलाबी मुखपृष्ठ घेऊन या प्रांतात येणं सोपं नव्हतं.

मंद्रसप्तक

@काळोखवेडा, बरं झालं मुखपृष्ठाचा विषय काढलात. तो गुलाबी चिडवायला निवडलेला नाही. उन्हात आडवं पडून डोळे मिटले की पापण्यांच्या आतून जो रंग दिसतो, तो आहे. हे कळल्यावर मी खरंच उन्हात जाऊन डोळे मिटून बसले. आधी तांबूस, मग शेंदरी, मग कडांना पांढुरका, आणि थोड्या वेळाने डोळे चुरचुरायला लागतात. ऊब आणि चुरचुर एकाच जागी. अल्बम मला नेमका तसा ऐकू येतो.

आणि ‘उपरी’ हा तुमचा शब्द मला बरोबर वाटतो! शीर्षकगीतामागची गोष्ट क्लार्कने सांगितलेली आहे: श्रीमंत वस्तीतून गाडीने जाताना हिरवळीवर ऊन खात पडलेली एक मुलगी त्याला दिसली, आणि आपल्याकडे काय नाही हे सगळं एकदम अंगावर आलं. म्हणजे गाणारा माणूस त्या सौंदर्याच्या बाहेर उभा आहे. गिटारी म्हणजे ती हिरवळ आणि आवाज म्हणजे गाडीतला माणूस. त्याने सुरात गायला सुरुवात केली की तो हिरवळीवर जाऊन बसला. मग गोष्टच उरत नाही.

दूरचा_ढग

+१. शब्द कळत नाहीत याचं एवढं कशाला? तराणा ऐकताना अर्थ कोण विचारतं?

षड्ज

@दूरचा_ढग, ही तुलना टिकणार नाही. तराण्यात अर्थ नसतो, पण प्रत्येक अक्षर सुरावर आणि मात्रेवर चोख बसवलेलं असतं. ‘तोम् तनन’ म्हणताना सूर हलला तर लगेच कळतं. इथे चुकायला सूरच नाही. शिवाय तराण्यात अर्थ मुळातच सोडलेला आहे. इथे मात्र एवढी हिरवळीची गोष्ट आहे, शब्द कष्टाने लिहिलेत, आणि मग ऐकणाऱ्याच्या हाती लागणार नाहीत अशा रीतीने म्हटलेत.

@मंद्रसप्तक, गाडीतला माणूस आवडला. पण ही गोष्ट तुम्ही वाचली, मग ऐकली. मला ती ऐकून कळली नाही. मुलाखत वाचल्याशिवाय उभी राहत नसेल तर ती बाजू संगीताची लंगडीच.

कंठस्थ

मी आवाजाचे वर्ग घेते, शास्त्रीय बैठकीतून आलेली आहे. ‘खरवड’, ‘ओरबाडून’ हे शब्द वाचले म्हणून लिहिते, कारण त्यात एक गैरसमज आहे.

आपल्या स्वरतंतूंच्या वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. त्यांना आभासी स्वरतंतू म्हणतात. एरवी गाताना ते बाजूला राहतात. किंचाळण्याच्या बऱ्याच प्रकारांत त्यांना जवळ आणून त्यांच्यावरून हवा नेतात, आणि तो खरखरीत भाग तिथे तयार होतो. रशियाच्या सायबेरियातल्या तूवा भागातल्या कंठगायनात कारगिरा नावाचा खर्जातला प्रकार आहे, त्यातही हेच पडदे कामाला येतात. कंपन अनियमित झालं की कानाला ठरावीक सूर सापडत नाही. म्हणजे सूर लावता येत नाही म्हणून तो गायब आहे असं नव्हे, मुद्दाम मोडलेला आहे. हे शिकवणारे लोक आहेत. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस यांची त्यावरची शिकवणीची डीव्हीडी २००५ मध्येच आली होती.

कुतूहल म्हणून मी एकदा स्वतः करून पाहिलं, कोणाला न विचारता. पाच मिनिटांत घशात काटे आले, खोकला सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मध्यमाच्या वर आवाज चढेना. दोन दिवस गप्प बसले. त्यानंतर ‘सनबेदर’ ऐकताना माझं लक्ष श्वासाकडे जातं. ओळीच्या शेवटी क्लार्क आवाज तोडत नाही, दम संपेपर्यंत लांबवतो. चढउतार नाही म्हणता षड्ज, मला तो त्या लांबवण्यात ऐकू येतो. ‘ड्रीम हाऊस’च्या मध्यावर सगळं शांत होतं, एक स्वच्छ गिटार उरते, आणि मग पुन्हा उभारणी होऊन शेवटी तो ओरडतो, ते एकदा नीट ऐका. तिथे दोघांचा संवाद आहे. एक जण मरत असल्याचं सांगतो, दुसरा विचारतो की ते सुखाचं आहे का. तिथल्या ओळी आखूड आहेत, मध्ये श्वासाला जागा आहे. सुरुवातीच्या किंकाळीपेक्षा ही वेगळी आहे.

विद्यार्थ्यांना एकच सांगेन, शिकवणाऱ्याशिवाय हे करू नका.

काळोखवेडा

तंत्राबद्दल दुमत नाहीच. पण तंत्र अवघड आहे म्हणून निवड बरोबर ठरत नाही.

अनाहत

तर्क करत बसण्यापेक्षा पुरावा बघू या, कारण बँडने स्वतःच तो दिलाय. २०२१ चा ‘इन्फिनिट ग्रॅनाइट’. तोच क्लार्क, तोच मॅकॉय, तोच ट्रेसी, पण जवळजवळ सगळा अल्बम सुरात गायलेला. किंकाळी अगदी मोजक्या ठिकाणी. षड्ज मागतायत तो प्रयोग झालेला आहे.

मी तो बऱ्याचदा ऐकला. निर्मिती देखणी आहे, क्लार्क खालच्या पट्टीत नेमस्त गातो, कुठे बेसूर नाही. पण चांगल्या शूगेझ बँडच्या रांगेत आणखी एक, याच्यापुढे माझ्यासाठी तो गेला नाही. शेवटच्या ‘मॉम्बासा’ या गाण्यात आधी सगळं हळुवार चालतं, मग अखेरीस किंकाळी फुटते, आणि अंगावर काटा आला तो तिथेच. अख्खा अल्बम त्या क्षणाची वाट पाहत होता की काय असं वाटलं. आणि २०२५ च्या ‘लोन्ली पीपल विथ पॉवर’मध्ये ते पुन्हा किंचाळण्याकडे वळले.

षड्ज

मला ‘इन्फिनिट ग्रॅनाइट’ ‘सनबेदर’पेक्षा जास्त आवडतो, आणि हे वाद वाढवायला म्हणत नाही. तिथे पहिल्यांदा कळलं की या माणसाला आवाजाचा रंग आहे.

पण तुम्ही दिलेलं ‘मॉम्बासा’चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हे बघा. तिथे किंकाळी काम करते कारण आधी ती नसते. कशाच्या तरी नंतर येते. माझं म्हणणं पहिल्यापासून तेच आहे. किंकाळी नको असं नाही, ती सगळीकडे नको.

मंद्रसप्तक

हे मात्र विचारात पाडणारं आहे. ‘मॉम्बासा’पुरतं मान्य.

पण ‘सनबेदर’मध्येही ती सगळीकडे नाहीये. ‘इर्रेझिस्टिबल’, ‘प्लीज रिमेंबर’, ‘विंडोज’ या तीन ट्रॅकमध्ये किंकाळी अजिबात नाही. ‘विंडोज’मध्ये तर रस्त्यावर प्रवचन देणाऱ्या माणसाचा आवाज आणि अमली पदार्थ विकत घेतानाचं बोलणं ध्वनिमुद्रित करून टाकलंय. सुटे ट्रॅक लावले की ही रचना मोडते. तुम्ही ‘इर्रेझिस्टिबल’ला थांबून तो पुन्हा पुन्हा लावलात म्हणता. पुढच्या वेळी थांबू नका. पियानो संपला की शीर्षकगीत सुरू होऊ द्या. तुम्हाला हवा असलेला ‘आधी’ तिथेच आहे.

षड्ज

लावलं. हेडफोनवर, सलग, ‘ड्रीम हाऊस’पासून.

‘इर्रेझिस्टिबल’चा शेवटचा पियानोचा स्वर विरतो आणि गिटारची भिंत येते, तिथे मी खरोखर दचकलो. आवाज आला तेव्हा तो पंख्यासारखा वाटला नाही. हे तुमचं. पण शीर्षकगीत दहा मिनिटांचं आहे, आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला माझं लक्ष पुन्हा गिटारकडे गेलं, आवाज पुन्हा पुसला गेला. तो परिणाम दहा मिनिटं टिकत नाही. कंठस्थ म्हणतात तो श्वास मी शोधत होतो, काही ठिकाणी सापडला, पण शोधावा लागला.

मत बदललं का? अर्ध्या ट्रॅकपुरतं.

काळोखवेडा

माझं नाही बदललं. मात्र शेवटच्या ‘द पेकान ट्री’ला मी कधी नावं ठेवली नाहीत, हे इथे नोंदवून ठेवतो. आपण बापासारखेच निघालो या भीतीचं ते गाणं आहे. सुरुवात जुन्या ब्लॅक मेटलसारखी सरळ घाव घालणारी, मग मधे सगळं खाली बसतं. तिथे गोडी आधी मिळत नाही, घाव सोसल्यावर मिळते. सगळा अल्बम त्या क्रमाने असता तर मी या धाग्यावर दुसऱ्या बाजूला असतो.

नवखी

सगळा धागा वाचला. काल डोकं दुखलं ते फोनच्या स्पीकरवर ऐकल्यामुळे असावं, नुसती कर्कश चिरचिर येत होती. आज हेडफोन लावले आणि आवाज कमी ठेवला. ‘ड्रीम हाऊस’ पूर्ण ऐकलं. मधली शांत गिटार आली तेव्हा ‘संपलं एकदाचं’ वाटण्याऐवजी तो परत कधी ओरडणार याची वाट बघत होते, आणि त्याने ओरडायला सुरुवात केली तेव्हा संवादातला एक शब्द मला चक्क कळला.

आवडलं की नाही ते अजून ठरत नाहीये. आता ‘व्हर्टिगो’ लावतेय, चौदा मिनिटांवर दिसतंय. संपलं की लिहिते.