मुस्लिम पोरं पोलीस भरतीत कमी का दिसतात?

परभणीकर: देशातल्या मुस्लिमांच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल आला २००६ मध्ये. तेव्हा आयपीएसमध्ये मुस्लिम ४ टक्के. ते राहू द्या, मी शिपाई भरतीचं बोलतोय. आमच्या मैदानावर पहाटे पाचला चुन्याच्या रेषेवर पन्नासेक पोरं १६०० मीटरसाठी उभी असतात, मोहल्ल्यातली दोन-तीन. बाकीची गॅरेजात, फळांच्या गाड्यावर, नाहीतर आखाती व्हिसाची वाट बघत. अल्पसंख्याकांसाठी मोफत भरतीपूर्व प्रशिक्षण असून ही गत. वर्दीची ओढच नाही.

सडेतोड: +१. स्टॉपवॉचला धर्म कळतो का?

उर्दूमाध्यम: मैदानात नाही कळत. लेखीत मराठी व्याकरण असतं, आणि आमची दहावी उर्दूतून. माझा भाऊ मैदानात ५० पैकी ४४ घेऊन आला आणि कर्मणी-भावेत अडकला. ओढ नसलेला पोरगा ४४ घेतो का? त्या मोफत वर्गात धावायला झकास शिकवलं, व्याकरणाचे तास नावाला.

सडेतोड: मग पंचनामा उर्दूत लिहायचा?

उर्दूमाध्यम: कोण म्हणालं? मराठीतच लिहायचा. शाळेत मराठी शिकवायला धड शिक्षक द्या, एवढंच म्हणणं आहे.

माजी जमादार: व्याकरण घोकून येतं हो. घरचे का नको म्हणतात ते बोला. दंगलीच्या बंदोबस्तात मुस्लिम शिपाई उभा राहिला की मोहल्ला म्हणतो खबऱ्या, आणि रात्री चौकीत चहा पिताना सोबतचाच म्हणतो, 'तुमचे लोक ऐकत नाहीत बुवा.' मी दोन्ही ऐकलंय. त्यात एसआरपीएफच्या, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाच्या, मुस्लिम जवानाला दाढी ठेवली म्हणून निलंबित केलं, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, घराघरात तेवढंच लक्षात राहिलं.

परभणीकर: जमादारसाहेब, आरक्षणाच्या मोर्चात मराठा शिपायालाही भावकीच्या शिव्या पडल्या. म्हणून त्यांच्या पोरांनी फॉर्म भरणं सोडलं का?

माजी जमादार: नाही सोडलं. पण त्याला चौकीत कोणी 'तुमचे लोक' म्हणून खिजवत नाही. आणि खरं सांगतो, माझ्याच पोराने 'अब्बा, हे नको' म्हणून फॉर्म भरला नाही. मीही जोर केला नाही.

सडेतोड: म्हणजे ओढ नाही, हेच झालं की!

उर्दूमाध्यम: तुम्ही ठरवूनच आलाय. असो. भाऊ यंदा परत उतरतोय, शिकवणी लावलीय. आम्ही बागवान, फॉर्म ओबीसीतून. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला अजून हातात नाही. इथे कोणाला तो लवकर मिळालाय का? कागद काय काय जोडले?